बी झडण्याआधी

आश्विन लागला की आमच्या सोसायटीत गवत कापणारा माणूस येतो. खांद्याला पट्टा, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला गरगर फिरणारी दोरी. पावसात कंपाउंडच्या कडेनं माजलेलं रान तो तासाभरात भुईसपाट करतो. यंत्राचा आवाज असा की मेलेला माणूस उठून बसावा. पण मला आवाजाचं काही वाटत नाही. थोड्या वेळानं कापल्या गवताचा ओला, हिरवा वास चौथ्या मजल्यापर्यंत चढतो आणि मी हातातलं काम टाकून खिडकीकडे जाते. शेजारच्या बाई गॅलरीतून म्हणतात, "काय फ्रेश वास येतोय ना, काकू?" मी हो म्हणते आणि खिडकी लावून घेते. या वयात कारणं सांगत बसायची हौस उरलेली नाही.

तशी मी मुळातच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, बँकेत सही जुळेल की नाही याला तर फारच भिते. आमचे हे म्हणायचे, "तुला घाबरायला काही मिळालं नाही तर तू त्यालाच घाबरशील." या सगळ्या भीत्या माझ्या आहेत, मी त्यांना ओळखते. हिरव्या गवताच्या वासाची भीती मात्र माझी नाही. ती मला माझ्या नणंदेकडून आली, आणि ती बाई तोवर जन्मात कशाला भ्यायली नव्हती.

लग्न होऊन मी पेणहून इकडे आले तेव्हा पनवेल म्हणजे बंदर, बाजार, दोन शाळा आणि भोवती भातखाचरं. आमचं घर कोनच्या वाटेवरच्या एका लहानशा गावात. हे पनवेलच्या शाळेत शिकवायचे, सायकलनं जायचे-यायचे. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. थोरली नणंद गावाबाहेर, तिच्या माळाच्या पायथ्याशी एकटी राही. सगळा गाव तिला बाय म्हणे. मीही बायच म्हणू लागले. नवरा लवकर गेलेला, पोर-बाळ नाही. त्यानं मागे ठेवलेला तो माळ, एक कुडाची खोप आणि दोन विळे, एवढाच तिचा संसार. सासूबाई तिला घरी येऊन राहा म्हणून किती विनवीत. ती सणासुदीला येई, पोटभर जेवे, आपलं ताट आपण घासे आणि दिवेलागणीच्या आत खोपीकडे चालू लागे. "भावाच्या घरचा गोड कधीमधी खावा. रोज खाल्ला त कडू लागतो," असं एकदा माझ्यासमोरच म्हणाली. नव्या नवरीला हे ऐकून काय वाटेल, याची तिला पर्वा नव्हती.

माळ म्हणजे बाहेरच्याला दिसायला काहीच नाही. भाताची जमीन नव्हे ती. मुरमाड चढण, मधूनमधून काळे खडक, वर एक ऐनाचं झाड, आणि सगळीकडे गवत. पण ते गवत हेच पीक होतं. दिवाळीनंतर कापायचं, वाळवायचं, गंजी रचायची, मग व्यापाऱ्याची माणसं येऊन दाबून गाठी बांधायची आणि मुंबईच्या तबेल्यांना न्यायची. पूर्वी बंदरातून मचव्यानं जाई, माझ्या वेळेला लॉरी येऊ लागली होती. हे चेष्टेनं म्हणायचे, "आमच्या बायला मुंबईच्या म्हशी पोसतात." बाय उत्तर द्यायची, "म्हशी बऱ्या. खाल्लेला विसरत नाय."

आणि ते गवत आपोआप येतं असं मला वाटत होतं! पहिल्याच वैशाखात बायनं मला घाणेरीची झुडपं उपटायला लावली तेव्हा माझे डोळे उघडले. घाणेरी एकदा शिरली की गवताला गिळते, म्हणून ती मुळासकट काढायची. पावसाआधी दगड वेचून बांधावर लावायचे. पावसात कुणाची गुरं शिरू नयेत म्हणून निवडुंगाचं कुंपण भरून काढायचं. कापणी झाली की कडेकडेनं एक पट्टा मुद्दाम जाळून ठेवायचा, म्हणजे शिमग्यात कुठून वणवा आला तर तिथंच थांबावा. बाय बारा महिने त्या माळावर वाकलेली असे. मी पाठ धरून बसले की म्हणायची, "पेनची पोर तू. पेनला काय, गनपती करायचे नि रंगवायचे."

माळाच्या माथ्याला ऐनाखाली वाघोबाची लाकडी फळी होती, शेंदरानं माखलेली. वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, त्याला नारळ द्यायचा आणि त्यानंतरच माळाला विळा लावायचा, हा नेम. त्याआधी कुणी एक पेंढी कापली तर वाघोबा कोपतो, असं सासूबाई सांगायच्या. बायला विचारलं तर तिनं एक ओंबी ओढून माझ्या तळहातावर चोळली. हिरवट बी चिकटून राहिलं. "बारशीपर्यंत ह्या सुकतं नि खाली झडतं. मंग वरचा आपला, खालचा माळाचा. वाघोबाला काय, नारळ कवाबी चालंल." माळाला त्याचं बी परत द्यायचं, मग त्याचं गवत घ्यायचं. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढं तिनं जे केलं ते अजाणतेपणी केलं नाही.

त्या वर्षी श्रावणात पनवेलच्या बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे रेल्वे येणार, आपट्याकडे जाणार. कुणी म्हणे मोठा रस्ता. कुणी म्हणे कारखाना, कुणी म्हणे मिलिटरीला जागा हवी. काय येणार हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण येणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. संध्याकाळी हे सायकल टेकवून आत आले की सासूबाई पाण्याच्या तांब्याबरोबर तोच प्रश्न पुढं करायच्या, "आज काय म्हनतात?" आणि दर दिवशी नवं उत्तर असायचं. मला वाटतं, नुसती रेल्वे येणार असं कुणी छातीठोक सांगितलं असतं तर आम्ही कमी घाबरलो असतो.

अशात एक वाक्य कुठून तरी गावात शिरलं. जी जमीन पडीक दिसेल ती सरकार आधी घेणार. कुणी काढलं, कुणाला सांगितलं, काही पत्ता नाही. पण ते वाक्य बायच्या खोपीपर्यंत पोचलं आणि तिथंच राहिलं. गणपतीत ती घरी जेवायला आली तेव्हा तिनं भातावर वरण घेतलं आणि तशीच बसून राहिली. मग यांना म्हणाली, "दादूस, माजा माळ वरून बगितला त काय दिसंल?" हे तिच्याहून लहान, पण ती त्यांना दादूसच म्हणायची. हे म्हणाले, "गवत दिसेल. आणखी काय?" "उभा गवत. रानातबी उभाच गवत असतो. मंग माळ नि रान, सायेबाला कसा कलंल?" एवढं बोलून बाय वरणभात तसाच टाकून उठली. त्या क्षणी मला तिची भीती कळली असं म्हणणार नाही. मला एवढंच कळलं की ही बाई भरलं ताट टाकून उठू शकते, आणि त्यानंच माझी घाबरगुंडी उडाली.

नवरात्राच्या आधीच तिनं कापणारे बोलावले. दरवर्षी माथेरानच्या डोंगराकडचे ठाकर यायचे, हिरू ठाकर आणि त्याची माणसं. त्या वर्षी निरोप अवेळी गेला म्हणून हिरू आधी एकटाच आला, काय झालं ते पाहायला. मी बायसाठी भाकरी घेऊन गेले होते. दोघं माळाच्या कडेला उभी होती. गवत छातीपर्यंत, हिरवं, वाऱ्यावर लवणारं.

"बाय, बी पोटात हाय आजून," हिरू म्हणाला.

"म्हाईत हाय."

"बारस व्हायची हाय."

"त्याबी म्हाईत हाय. कापतूस का दुसरा मानूस बगू?"

हिरूनं माथ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमचा माळ, तुमचा हुकूम." पण पहिली पेंढी त्यानं कापली नाही. ती बायनं स्वतः कापली. कापताना तिनं माथ्याकडे, वाघोबाकडे पाठ केली होती, हे मी पाहिलं. तिनं मुद्दाम केलं की नाही, मला सांगता यायचं नाही.

वाळकं गवत विळ्याखाली चरचर वाजतं, अंगाला कुसळं टोचतात, कापणारे गाणी म्हणतात. हिरवं गवत मुकाट्यानं पडतं. त्या वर्षी कुणी गाणं म्हटलं नाही. पायाखाली फुरसं असेल म्हणून आधी काठी आपटायची, मग विळा घालायचा, एवढाच आवाज. मीही दोन दिवस हात लावला. बोटं हिरवी झाली, साबणानं निघेनात. भाकरी थापली तरी तिला तोच वास. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कच्चा वास हाय हा. अकालाचा वास." त्यांना मी रागावले, पण रात्री अंथरुणात हात नाकाशी नेऊन मीच तो वास पुन्हा पुन्हा घेत होते.

पाच-सात दिवसांत माळ बोडका झाला. इतका स्वच्छ मी कधीच पाहिला नव्हता. बायनं त्यावर फिरून राहिलेली ठोंबं, मुळांवरचे झुपकेसुद्धा विळ्यानं खरवडले, खडकांभोवतालची पाती हातानं उपटली. लांबून पाहिलं तर कुणी सारवून ठेवलंय असं वाटे. "आता बोल," ती मला म्हणाली, "ह्याला कोन पडीक म्हनंल?" तिचा चेहरा उजळला होता. मलाही खरंच बरं वाटलं. भीतीच्या मागे लागून काही काम उरकलं की भीती गेल्यासारखी वाटते. ती कुठं जात नाही, जरा टेकते.

गंजी रचली तेव्हा गवत पुरतं वाळलं नव्हतं. आश्विनाचं ऊन कडक, पण सकाळी दव, आणि मधेच एक सर येऊन गेली. एका संध्याकाळी बायनं मला गंजीत हात घालायला सांगितलं. कोपरापर्यंत हात आत गेला आणि मी ओरडून मागे घेतला. आत गरम होतं, तापल्या तव्याजवळ हात न्यावा इतकं. ओलं गवत दाबलं की आतल्या आत तापतं, कधी पेटही घेतं, हे मला तेव्हा कळलं. बाहेरून गंजी थंड, शांत, सोनेरी व्हायला लागलेली. हे शाळेतून आले तशी आम्ही तिघांनी मिळून ती उसकटली. आतलं गवत काळं पडलं होतं, वाफ निघत होती. व्यापाऱ्याच्या माणसानं वास घेतला आणि मान हलवली. चांगलं तेवढं निवडून नेलं. आजही कुणी फार शांत दिसलं की मला त्या गंजीची आठवण होते. हे गेले त्यानंतर माझा मुलगा असाच दिसत होता, आणि मी त्याला मुद्दाम बोलतं केलं, रडवलं.

वाघबारस आली. बायनं नारळ नेऊन फोडला. कापलेल्या माळावर ती एकटी उभी, आणि देव उघड्यावर. मला ते बघवेना.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मोजणीवाले आले. जीप वाटेवर थांबली. तीन पायांची दुर्बीण, साखळ्या, लाल-पांढऱ्या काठ्या, टोपीवाले एक साहेब. आधी ते पलीकडच्या माळाकडे वळले. तो आमच्या शेजाऱ्यांचा. त्यांनी नेमाप्रमाणे गवत उभंच ठेवलं होतं. साखळी धरणारी माणसं दहा पावलं आत गेली आणि उड्या मारत बाहेर आली. फुरसं होतं म्हणे, किंवा नुसतं सळसळलं असेल. साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग बायच्या माळाकडे पाहिलं, आणि दुर्बीण उचलायला सांगितली.

माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला कर्नाळ्याचा सुळका, दुसऱ्या बाजूला खाडीची चमक, मधलं सगळं तळहातासारखं. साहेब खूश झाले. बायनं त्यांना पाणी आणि गूळ नेऊन दिला. ते म्हणाले, "किती स्वच्छ ठेवलीय जागा, बाई! तुमच्यामुळं आमचं काम सोपं झालं. इथून कशी सरळ रेघ दिसते." भले गृहस्थ होते, मनापासून बोलले. संध्याकाळपर्यंत माळाच्या मधोमध लाल डोक्याच्या खुंट्या रांगेनं उभ्या होत्या. पलीकडच्या माळावर एकही नाही.

यांनी पुढं मला पुष्कळदा समजावलं, की रेघ कागदावर आधीच आखलेली असणार. गवत कापलं काय, न कापलं काय, ती तिथूनच जायची. असेल. शिकलेल्या माणसाचं खरंही असेल. पण शेजारची म्हातारी बांधावरून बायला म्हणाली होती, "तुजा माळ तू उघडा केलास गो," आणि त्या वाक्यापुढं यांचं सगळं शहाणपण मला पोकळ वाटायचं. इतकी वर्षं झाली तरी मला हे सुटलेलं नाही.

मग एक लांबलचक वर्ष गेलं. खुंट्या तिथंच होत्या, माणसं येत नव्हती. दुरून मोटारीचा आवाज आला की बाय खोपीबाहेर यायची. टपालवाला दिसला की आत जायची. तिनं खुंट्यांना हात लावला नाही, पण त्यांच्याभोवती दगड वेचायचंही सोडलं. मी पोटुशी होते. मला वाटायचं, पोराला ही धास्ती आतून कळत असेल. एवढ्यात यांनी कुणा जाणत्याला विचारून आणलं, की चालतं कुरण असेल, गवताचं नियमित उत्पन्न असेल, तर हरकत घेता येते, रेघ थोडी सरकवताही येते. पावसानंतर साहेब पंचनाम्याला येतील, तेव्हा माळ भरलेला दिसला पाहिजे. बाय हे ऐकून दोन्ही हातांनी कपाळ धरून बसली. तिच्या मनात काय आलं ते मला त्या वेळी उमगलं नाही.

उमगलं ते श्रावणात. आजूबाजूचे सगळे माळ गुडघाभर हिरवे झाले. बायच्या माळावर ठिकठिकाणी मुरूम दिसत होता. गवत आलं, पण म्हाताऱ्याच्या डोक्यावरचे केस यावेत तसं. बी झडलंच नव्हतं, तर उगवणार काय? जी ठोंबं वर्षानुवर्षं फुटायची ती तिनंच खरवडली होती. मोकळ्या जागेत टाकळा आणि रानतुळस माजली. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन ती एकेक रोप उपटत फिरायची. भादव्यात तिनं शेजाऱ्यांच्या बांधावरून ओंब्या खुडून आणल्या आणि माळभर चोळत, फुंकरत हिंडली. भादव्यात पेरलेलं गवत आश्विनात कुठलं यायला! हे तिला कळत नव्हतं असं नाही. मी छत्री घेऊन मागं उभी राहायची. तिच्या ओठांची पुटपुट ऐकू यायची. देवाचं नाव घेते आहे असं मला आधी वाटलं. ती नुसती "ये गो, ये" म्हणत होती.

आता त्या बाजूला गेलं तर ओळख पटत नाही. उंच उंच इमारती, त्यांना हिरव्या कुरणांची इंग्रजी नावं. जाहिरातीत गवतावर बसून हसणारं एक कुटुंब. मुलगा एकदा म्हणाला, "आई, आपली आत्या राहायची ती जागा नक्की कुठली?" मी गाडीच्या काचेतून बोट दाखवलं ते अंदाजानंच. ज्या जागेची इतकी भीती बाळगली ती जागासुद्धा मला आता दाखवता येत नाही.

पंचनाम्याचे साहेब आले ते त्याच वर्षी आश्विनात, उन्हं चढल्यावर. ते पूर्वीचे नव्हते, दुसरे होते, जरा घाईतले. बरोबर कारकून, गावातले दोन पंच, आणि शाळेतून रजा काढून आलेले आमचे हे. मी चार-पाच महिन्यांच्या लेकराला कडेवर घेऊन बांधावर उभी. बायनं लुगडं धुतलेलं नेसलं होतं. साहेबांनी माळावरून नजर फिरवली. बुटाच्या टोकानं मुरूम उकरला. हे पुढं होऊन सांगू लागले, की हे कुरण आहे, दरसाल गवत मुंबईला जातं, गावाला विचारा. पंचांनीही माना डोलावल्या. साहेब म्हणाले, "मास्तर, कागदावर मी जे दिसतं ते लिहिणार. शेजारी बघा, छातीइतकं गवत आहे. इथं तर काही येतच नाही."

"येतो, सायेब," बाय म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "लय येतो. मीच येऊ दिला नाय."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली. मग साहेब कारकुनाला म्हणाले, "पडीक," आणि पुढच्या हद्दीकडे निघाले. पंच त्यांच्यामागे गेले. हेही गेले, सायकलीवर हात ठेवून, काहीतरी अजून बोलता येईल या आशेनं.

आम्ही दोघीच राहिलो. ऊन फार होतं. लेकरू किरकिरायला लागलं तसं बायनं त्याला माझ्याकडून घेतलं, त्याच्या डोक्यावर पदर धरला आणि खोपीकडे न जाता आमच्या घराच्या वाटेकडे तोंड केलं. दिवस साधाच होता, सण नव्हता. मी उगाच हसून म्हटलं, "चला बाय, आज तुम्ही म्हणाल ते रांधते."

"नाय गो," ती म्हणाली, "आता मी काय म्हनायची? तू रांधशील ता खाईन."

असं म्हणून तिनं मला पुढं होऊ दिलं आणि माझ्या मागून चालू लागली.